सतरा नंबर

सीपीआरच्या या खोलीत दिवसाही अंधार लागतो.
काळीज उजेडात नीट दिसत नाही.
हे आमच्या कामाचं वाक्य आहे,
त्यात दुसरं काही शोधू नका.

अभ्यासातल्या बायका चाळीस.
रविवारच्या सहा पिवळ्या गोळ्या सगळ्यांनाच.
महिन्याची सुईही सगळ्यांनाच,
पण निम्म्यांच्या सुईत नवं औषध
आणि निम्म्यांच्या सुईत तसंच दिसणारं पाणी.
कोणाला काय, ते मुळीक डॉक्टरांच्या कपाटात.
माझ्याकडे फक्त नंबर.
प्रोब धरायचा, मोजायचं, आकडा लिहायचा
आणि माणूस विसरायचं.

सतरा नंबर हुपरीची निघाली.
पहिल्या खेपेला जाऊ बरोबर होती,
ब्लाउजची हुकं तिनंच काढून दिली.
बोटं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखी,
पेरापेराशी फुगलेली.
"तीस वर्सं चांदीची साखळी गुंफली बगा.
डोळं झाकून कडीत कडी घालायची मी.
आता अकरा वाजंस्तवर चाचा कप धरवत न्हाई."

दुखलं की मेडिकलमधनं गोळी. सुटी. वर्षानुवर्षं.
गोळी दुखण्याला गप्प बसवायची.
आग आपली मुशीखालच्या कोळशागत
धुमसत राहायची,
सांध्यांत, नसांत,
आणि कोणी विचारलंच नाही अशा ठिकाणी.

डाव्या कुशीवर वळवलं. जेल गार लागली तशी हसली.
पडद्यावर डावा कप्पा आला.
दाबायला जोर होता, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.
अडत होतं ते सुटताना.
आवळलेली मूठ उघडायला वेळ लावत होती,
रक्त दाराशी खोळंबून राहायचं,
मग वरचा कप्पा ते आत ढकलायचा,
भरल्या पोत्यात आणखी दोन पायल्या कोंबाव्यात तसं.
सकाळचा ताठा बोटांत असतो, हे सगळ्यांना ठाऊक.
या काळजाची सकाळ
दिवसभर संपत नव्हती.
मी लिहिलं : शून्य पूर्णांक सात.

वर्षानं परत आली. एकटीच.
मी पाठमोरी, प्रोब पुसत होते.
मागं टक.
टक.
जरा थांबून, टक.
पाच हुकं.
वळले नाही, तरी ऐकलंच.
जे मला कळू नये
ते आता कानात शिरलं होतं.

डाव्या कुशीवर. जेल. तेच हसू.
पडद्यावर दार उघडलं
आणि रक्त आपल्या पायांनी आत आलं.
असं मला दिसलं.
की मला तसं दिसायला हवं होतं?
कर्सर केसभर सरकला की आकडा हलतो,
आणि माझा हात आता सरळ राहिला नव्हता.
तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चांगलं आलं.
म्हणूनच भीती वाटली.

शेजारच्या खोलीतनं रेहाना मुजावरला बोलावलं.
"तू मोज. पडद्याकडंच बघ. काही विचारू नको."
तिनं चष्मा कपाळावर चढवला, मोजलं :
शून्य पूर्णांक नऊ.
माझ्यापेक्षा थोडं कमी.
तिचाच आकडा लिहिला.

"काय म्हणतंय?"
"डॉक्टर सांगतील."
"तुमी सांगा की. येंत्र तुमच्या हातात हाय."
नियम मोडून एवढंच म्हणाले,
"सोडतंय आता."
"काय सोडतंय?"
"काळीज. आवळून धरलं होतं ते."

ती हुकं लावत होती.
चौथं चुकलं, काढून परत लावलं.
"घरातली समदी म्हणत्यात,
पद्मल, सोडून द्यायला शीक जरा.
त्याला सुई लागती, हे म्हाईत कुणाला!"
सुईत औषध होतं की पाणी,
ते तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

ती गेली. मी जेल पुसली, नवा कागद लावला.
अठरा नंबर आत आली, मुलीला धरून.
मी पाठ केली.
मागं हुकं निघत होती, भराभर,
तरण्या बोटांनी.